झाडाची सही

रस्त्याकडेच्या ज्या झाडावर ठिपकेवाल्याचा लाल ठिपका पडला, ते आठ दिवसांत आडवं. तीस वर्षं त्यानं हेच केलं. झाडाला ठिपका, यादीखाली सही. अक्षर काळं की गोरं हे त्याला माहीत नव्हतं. सही तेवढी बायकोनं शिकवलेली, लग्नाच्या पहिल्या वर्षी, चुलीपुढच्या राखेत त्याचं बोट धरून. ती गेली, सही उरली.

लेक शिकली तेव्हा हसली होती. "बाबा, यात एकही अक्षर नाही हो!"

"साहेबाच्या सहीत तरी कुठं असतं?"

परवा वळणावरच्या जुन्या झाडाची पाळी आली. भर दुपार, वारा पडलेला, फांदीवर पाखरू नाही. ठिपक्यासाठी त्यानं साल पुसली आणि ब्रश हातातच राहिला. सालीला पांढुरका पापुद्रा चिकटलेला. दगडफुलाच्याच गोतातला, पण सपाट. त्यावर बारीक काळ्या रेघा, आखूड, वाकड्या, फाटे फुटलेल्या. त्याचीच सही.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या लेकीनं रेघांवरून नख फिरवलं. "कोरलेलं नाही, उगवलंय. हे वर्षाला नखभरही वाढत नाही. तुमच्या लग्नाआधीचं असणार."

"तुझ्या आईचं अक्षर आहे ते."

"आईला कुठं लिहिता येत होतं? माझ्या शाळेच्या कागदांवर तिचा अंगठा आहे, बाबा." लेकीचा आवाज खाली आला. "तुमची भाकरी घेऊन ती इथंच बसायची ना?"

त्यानं ब्रश खाली ठेवला. नवऱ्यानं चारचौघांत अंगठा लावू नये म्हणून तिनं सालीवर दिसलं तेच उचलून त्याला शिकवलं होतं. म्हणजे इतकी वर्षं तोडीच्या प्रत्येक यादीखाली झाडानंच सही केली होती.

कचेरीत कारकुनानं यादी पाहिली. "वळणावरचं सुटलं की! काम जाईल तुमचं, काका."

"जाऊ दे."

त्यानं शेवटची सही केली. हात थांबेना, टोकाला एक जादा फाटा ओढून मगच थांबला.

"आज शेपूट काढलंत!" कारकून हसला.

उन्हं कलताना तो वळणावर गेला. सालीवरच्या ओळीच्या टोकाला तोच फाटा होता. त्यानं बोट लावलं. बोट काळं झालं.