हेमराजच्या बॉक्सचा टोन

आमच्या ऑर्केस्ट्राचे प्रोग्राम वर्षातून बोटांवर मोजण्याइतके, किस्से मात्र पोत्याने! प्रोग्राम लोक विसरतात, आम्हीही विसरतो. किस्से आमगावच्या चहाच्या टपरीवर रोज नव्याने उकळतात. मी ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणजे स्टेजवर सगळ्यात मागे बसतो. नाव कोणी घेत नाही, पण सगळ्यांच्या पाठी मला दिसतात. हा एवढाच काय तो फायदा.

तर आमचा गिटारवाला हेमराज. दिवसभर राईस मिलमध्ये काम, संध्याकाळी गिटार. त्याने गोंदियाहून जुना गिटार ॲम्प्लिफायर आणला. दुकानदार म्हणाला होता, “भैया, इसमें आवाज़ की कोई कमी नहीं।” खरं होतं ते. आवाजाची कमी नव्हती, गिटारची होती.

पहिल्याच प्रॅक्टिसला काशीरामभाऊंनी हात वर केला. काशीरामभाऊ म्हणजे आमचे गायक, मालक आणि मॅनेजर, तिन्ही एकटेच. म्हणाले, “हेमराज, हे गिटार वाजून राहिली का धान मशीन?”

सगळे हसले. काशीरामभाऊ हसले नाहीत. “दिवाळीनंतर मंडईची जत्रा आहे. तोवर टोन सुधरव. नाई तं मनोज बटनावरच गिटार वाजवते, समजलं?”

मनोज आमचा की-बोर्डवाला. त्याच्या की-बोर्डमध्ये गिटारचं एक बटण आहे. तो बिचारा म्हणाला, “मी का करू गा? माह्या मशीनमंधी आहे तं आहे!” हेमराजचा चेहरा एवढासा झाला. हा माणूस जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं चालवतो. मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

त्या दिवसापासून ‘टोन’ हा शब्द आमगावात सुटला. हेमराज मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि टपरीवर आम्हाला शिकवायचा. बॉक्सचं लाकूड बदललं की टोन बदलतो, छिद्र पाडलं की बदलतो, मागची फळी काढली की बदलतो. आठवडाभरात प्रत्येक गिऱ्हाईक तज्ज्ञ झालं. ज्याने आयुष्यात गिटार फक्त लांबून पाहिली, तोही म्हणायचा, “मिड्स थोडे कमी कर.”

एकाने तर घोट घेऊन टपरीवाल्यालाच विचारलं, “काऊन गा, आज चहाचा टोन बसला का?”

*

ॲम्प्लिफायरचा बॉक्स दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा होता. हेमराजने ठरवलं, सागवानाचा करायचा. काम दिलं सुखदेव मिस्त्रींना. मिस्त्रींनी दारं केली, पलंग केले, देव्हारे केले. हेमराजने माप दिलं आणि सांगितलं, “मिस्त्री, पेटी मजबूत पाहिजे.”

पेटी आली. उचलायला आम्ही चौघं! मागच्या फळीला बिजागऱ्या आणि चकचकीत पितळी कडी.

“कडी कायले, मिस्त्री?”

“पेटी सांगतली ना तुम्ही? पेटीले कडी नाई तं का घंटी लावू?”

मिस्त्रींनी बोटाच्या पेराने फळी वाजवून दाखवली, कान लावून ऐकली आणि समाधानाने मान हलवली. आतला स्पीकर त्यांच्या हिशेबात नव्हताच.

*

नव्या पेटीत आवाज घुमायला लागला. व्हिडिओत उपाय होता, एक गोल छिद्र पाडा. मिस्त्रींना एकच छिद्र बरं दिसेना. त्यांनी चार कोपऱ्यांत चार पाडली. “आता शोभा आली,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला बघतो तर चारही छिद्रांत चिंध्यांचे बोळे! हेमराजच्या आईचं काम. हेमराज चिडला, “माय, तेथून आवाज जाते ना!”

माय शांतपणे म्हणाली, “आवाज जाते का नाई मले ठाऊक नाई. उंदीर तं जाते ना बापू!”

चिंध्या तशाच राहिल्या. मायसमोर व्हिडिओ चालत नाही.

*

मंडई चार दिवसांवर आली, आवाज घुमतोच आहे. व्हिडिओतला गोरा म्हणाला, पेटीत लोकर भरा. आमच्याकडे लोकर कुठली? आमच्याकडे धान, आणि धान झोडल्यावर उरतो तो पेंढा, म्हणजे तणीस. नवी, पिवळीधमक, ढिगाने! हेमराजने पेटी दाबून दाबून भरली.

घुमणं थांबलं. बाकीचंही थांबलं.

काशीरामभाऊ म्हणाले, “हेमराज, गिटार दिसून राहिली. पण ऐकू नाई येऊन राहिली.”

हेमराज त्या दिवशी चहा न पिताच घरी गेला. मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तुम्ही घाबरू नोका. पेटीचं मागचं दार उघडून ठेवा. हवा लागली का टोन सुधरते.”

*

मंडईचा दिवस. भर दुपार, गावागावांतून आलेले पाहुणे, जिलेबीच्या कढया, फुगेवाले. दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडून आमचं स्टेज. हेमराजने पेटी माझ्या शेजारी, ट्रॉलीच्या मागच्या कडेला ठेवली, कडी काढली आणि मागची फळी उघडी टाकली.

पहिलं गाणं संपलं. गिटार कुणालाही ऐकू आली नाही. काशीरामभाऊंनी मनोजकडे पाहिलं. मनोजचं बोट त्या बटणाजवळ गेलं. हेमराजने ते पाहिलं, मान खाली घातली आणि तरी दुसरं गाणं सुरू केलं.

गिटार थोडी ऐकू आली. मग आणखी थोडी. कडवं संपेपर्यंत अशी खणखणीत वाजायला लागली, की जिलेबीवाल्याने झारा थांबवला! शिट्ट्या पडल्या. काशीरामभाऊ माइकवरच ओरडले, “वा रे माह्या वाघा!” मनोजने बोट बटणावरून काढून कान खाजवला.

मी मागे वळून पाहिलं. ट्रॉलीमागे कुणाचा तरी पांढरा बैल बांधलेला होता, मंडईच्या ढोलांना सरावलेला. त्याने पेटीत तोंड घातलं होतं आणि घासाघासाने तणीस खात होता. डोळे अर्धे मिटलेले. मी ताल सोडला नाही आणि त्याला हाकललंही नाही.

प्रोग्राम संपल्यावर काशीरामभाऊंनी हेमराजला मिठी मारली. “गिटार तूच वाजवशील. तिरोड्याच्या प्रोग्रामले हाच टोन पाहिजे!” सुखदेव मिस्त्री गर्दीत सांगत सुटले, “कडी माह्या हातची आहे.”

तिरोड्याला जायच्या सकाळी हेमराज भेटला. खूश होता. “सेटिंग सेम टू सेम ठेवली, भाऊ. थोडी तणीस कमी झाली होती, पुन्हा दाबून भरली.”

मग मात्र मला राहवलं नाही. मी काशीरामभाऊंना एकटं गाठून सगळं सांगितलं. त्यांनी वळून पेटीकडे पाहिलं. सामानाची गाडी सुरू झाली, हेमराज आनंदाने पेटीवर चढून बसला.

काशीरामभाऊंनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, “बैल कोनाचा होता गा?”