देव्हाऱ्यातला पारा

काय करता म्हणून कुणी विचारलं, की रुपराव ऐटीत सांगत, "सायन्सात आहो." खोटं नव्हतं. नंदनवन भागातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांची हयात गेली होती. बाटल्या धुवायच्या, आम्लं पातळ करून ठेवायची, पोरांनी फोडलेली काच झाडायची. नायट्रिक आम्लानं बोटांवर पडलेले पिवळे डाग ते हळद लागल्यासारखे मिरवत. हातमोजे नकोत, चष्मा नको. "मले काही होत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. उरलंसुरलं बेसिनमध्ये ओतलं आणि वरून नळ सोडला, की काम संपलं. ते पुढे कुठे जातं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि कुणी त्यांना सांगितलंही नाही.

पारा मात्र त्यांनी कधी ओतला नाही. थर्मामीटर फुटला की फरशीवर सैरावैरा पळणारे थेंब ते कागदानं हाकत गोळा करत आणि औषधाच्या बाटलीत जपून ठेवत. पारा म्हणजे महादेवाचं तेज, असं त्यांनी एका कीर्तनात ऐकलं होतं. महादेवाला गटारात कोण सोडणार? बाटली भरत आली तशी एका सोमवारी ती त्यांनी घरी नेली, पारा दगडी वाटीत ओतला आणि बायकोला म्हणाले, "हे घे वं, साक्षात शंभू. रोज पूजा करत जाय."

प्रयागबाईंनी वाटी देव्हाऱ्यात समईला लागून ठेवली. देव्हारा एका आतल्या खोलीत, आणि तिला खिडकी नाही. बाई भिवापूरच्या, हाताला जबर चव, आणि उलट्या मडक्यावर लांब पोळी टाकण्यात गल्लीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर्ष-दीड वर्षात तेच हात कापू लागले. कणीक फाटायची, चहा बशीत सांडायचा. झोप उडाली, हिरड्या दुखू लागल्या. कधी कुणाला उलटून न बोलणारी बाई शेजारणींवर खेकसू लागली. एका डॉक्टरांनी वय झालं म्हणून टॉनिक लिहून दिलं. गल्लीनं बाहेरची बाधा ठरवून टाकली. गल्लीला काय, जिभेला हाड नसतं.

प्रयागबाईंनी ठरवलं, आपलंच काहीतरी चुकलं. देव कोपला. मग त्या दार लोटून, समई लावून, त्या वाटीवर वाकून बसू लागल्या. हात जितका कापे तितकी पूजा लांबे.

पुढे मंगळसूत्राच्या वाट्या पांढऱ्या पडल्या, म्हणून दोघं इतवारीत कृष्णकांत सराफांकडे गेली. त्यांनी वाट्या उजेडात धरल्या. "सोन्याले पारा लागला, बाई. घरात आहे काय?"

"देव्हाऱ्यात आहे न," प्रयागबाई कौतुकानं म्हणाल्या.

सराफांची नजर बाईंच्या हातांवर गेली आणि तिथून रुपरावांवर आली. रुपरावांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रसायनशास्त्राच्या अश्लेषा मॅडमना गाठलं. "एका ओळखीच्या घरी असं असं आहे," म्हणून सुरुवात केली. मॅडमनी हातातलं काम ठेवलं. "काका, पारा उघडा असला की त्याची वाफ होते. ती दिसत नाही, वास येत नाही. त्यातून शेजारी दिवा आणि खोली बंद. त्या घरात कोणाचे हात कापतात का?"

रुपराव स्टुलावर बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. प्रयागबाईंची तपासणी झाली, लघवीत पारा निघाला. डॉक्टर रुपरावांना बाजूला घेऊन म्हणाले, हात सुधारतील, पण किती ते सांगता येत नाही. मॅडमनी बजावलं होतं, "बाटलीत पाण्याखाली घट्ट बंद करून माझ्याकडे आणा. नदीत तर मुळीच नाही. तो गाळात बसतो, तिथून माशात जातो आणि माशातून माणसात."

मॅडमना भेटले त्याच संध्याकाळी रुपरावांनी पारा बाटलीत बंद केला. बायकोला एवढंच सांगितलं, "हा देव घरात ठेवत नसतात." खरं कारण सांगायला जीभ रेटेना.

"मंग कन्हान नदीत शिरवू," प्रयागबाई म्हणाल्या. "देव असा कुठंही टाकत नसतात."

नाही म्हणायला हवं होतं. रुपराव म्हणाले, बरं. नदी पाराही पोटात घेईल आणि आपलं पापही, कुणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोमवारी दोघं कन्हानच्या काठावर उभी राहिली. प्रयागबाईंनी लाल कापडातून बाटली काढली, वर बेल वाहिला. थोड्या अंतरावर एक भोई जाळं ओढत होता. काठाशी दोन बायका घागरी भरत होत्या. प्रयागबाई झाकण फिरवू लागल्या; बोटं कापत होती, झाकण फिरत नव्हतं. "उघडून द्या जरा," त्यांनी बाटली पुढे केली.

रुपरावांनी बाटली घेतली आणि छातीशी धरली.

"काहून?"

"देव नोहे वं हा. कॉलेजात फुटलेल्या थर्मामीटरचा पारा. मीच वेचून आणला. तुहे हात याच्यानंच कापून राहिले."

प्रयागबाईंनी भोयाच्या जाळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मंग मी इतके दिवस, बरं कर म्हणून, कोणाले हात जोडून राहिली होती?"

त्या दुपारीच रुपरावांनी बाटली अश्लेषा मॅडमच्या हवाली केली.

आता प्रयागबाईंचे हात कापायचे पुष्कळ थांबलेत. पण कुठल्याही देवापुढे त्या ते पुन्हा जोडत नाहीत.