मुकादमाचे दोन शब्द

आमच्या वनखात्याच्या ऑफिसातला एक माणूस दोन वर्षं बोलला नाही. नवस नव्हता, घशाचा आजार नव्हता, कोणाशी अबोलाही नव्हता. न बोलणं हे त्याचं कामच होतं. वाघिणीचं एक अनाथ पिल्लू मोठ्या कुंपणात वाढवायचं आणि शिकार करता येऊ लागली की जंगलात सोडायचं, असं साहेबलोकांनी ठरवलं होतं. सोडायचं तर त्याला माणसाची सवय लागता कामा नये. म्हणून त्याला मांस टाकणाऱ्याने कुंपणाजवळ तोंड उघडायचं नाही, विडी ओढायची नाही, अंगाला साबण लावायचा नाही, असे नियम होते. नियम पाळणाऱ्याचं नाव सुखदेव. पद वनमजुराचं, तेही रोजंदारीवर. ऑफिसने मात्र त्याला फुकटात बढती देऊन टाकली. मुका झाला म्हणून मुकादम.

मुका होण्याआधी हा माणूस म्हणजे गावाचा भोंगा होता. तो डोंगराच्या पायथ्याच्या धामणखेडचा. गावात कबड्डीचे सामने असले की माइक त्याच्याच हातात. "पाहा राजेहो, आला गडी, धरला पाय, आता जाते कुठी बाप्पा!" अचलपूरकडून खेळायला आलेली पोरं म्हणत, सामना हरलो त्याचं काही नाही, पण या माणसाने माइकवरून आमची जी काढली ती जन्मभर विसरणार नाही. साहेबांनी त्याला निवडलं ते जंगलाच्या माहितीसाठी. आवाजाची चौकशी कोणी केली नव्हती. आठ दिवसांत हा पळून येतो की नाही बघा, अशी मी शेगावच्या कचोरीवर पैज लावली. मी ऑफिसचा कारकून, अकोल्याचा, पैजेला पहिला. ती पैज मी हरलो आणि सगळ्या ऑफिसला कचोरी खाऊ घातली.

नियम कुंपणापुरता होता, पण हा घरीही गप्प राहू लागला. कौसल्यावहिनी एकदा तणतणत ऑफिसात आल्या. "बाबू, तुमी तरी सांगा यायले. घरी तं बोला म्हना. घरी का वाघ बसला हाय?" मी संध्याकाळी त्याला गाठलं. तो म्हणाला, "जिभेले सवय असते, बाबू. घरी सुटली तं एखांद्या रोजी तिथंबी सुटन."

त्याच्या तोंडी राहिला होता तो एकच शब्द, आणि तो मीच त्याला दिला होता. कुंपणाची रोजची नोंद तो कागदावर लिहून आणायचा, मोठाल्या, सातवी पास अक्षरांत. मी ती वहीत पक्की करायचो, तो खाली सही ठोकायचा. त्यात एक रकाना होता, 'मानवी आवाज'. काही घडलं नसेल तर 'निरंक' लिहायचं, हे मी त्याला शिकवलं. तो शब्द त्याला फार आवडला. जेवलास का मुकादम? निरंक. वहिनी काय म्हणतात? निरंक. ऑफिसातल्या रिकाम्या माठाकडे बोट दाखवूनही तो निरंक म्हणायचा, आणि आम्ही हसायचो.

दुसऱ्या हिवाळ्यात ती पोर आजारी पडली. कागदावर तिला नंबर होता, आम्ही सगळे तिला पोरच म्हणायचो. चार दिवस ती मांसाकडे फिरकली नाही. खात्याच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी मांसातून औषध दिलं, पण मांसच खाईना तर औषध कुठून पोटात जाणार? पाचव्या दिवशी मुकादमाने मला कागद आणून दिला. मानवी आवाजाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बोललो. ऊठ व माय म्हनलं. ये व माय म्हनलं. उठली. खाल्लं.' व माय म्हणजे आमच्या वऱ्हाडीतलं 'गं बाई'.

मी दार लावून घेतलं. "हे काय लिहिलंस?"

"जे झालं थे लेहलं."

"परत बोलू नकोस."

"आवाज आयकल्याबिगर खात नाही आता थे."

त्या दिवसापासून आठ दिवस तो रोज तसाच कागद आणत गेला. ही नोंद वर गेली असती तर पोरीचं जंगल संपलं असतं, ती जन्माची पिंजऱ्यात, आणि हा दुसऱ्या दिवशी घरी. मी आठही दिवस वहीत निरंक लिहिलं आणि त्याचे कागद चुलीत घातले. त्याने आठ वेळा खाली सही केली. नवव्या दिवशी ती न बोलावता खाऊ लागली आणि तो पुन्हा गप्प झाला. मला वाटलं, आपण एक चांगलं काम केलं. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटला होता.

सोडायच्या आधी धामणखेडला ग्रामसभा झाली. डॉक्टर मॅडम पोटतिडकीने बोलल्या. वाघ कमी होत चाललेत, एक मादी जगली तर पुढे वंश वाढतो, जंगलाची घडी वाघावाचून बसत नाही. बाई मनापासून सांगत होत्या आणि सांगत होत्या ते खोटं नव्हतं. तेवढ्यात सरपंचाची म्हातारी आई उठली. "वाघ जगला पाह्यजे, मान्य हाय. पन थो आमच्याच वावरात कावून? तुमाले इतकी हौस हाय, तं अमरावतीले कॅम्पात, साहेबायच्या बंगल्यापाशी सोडा न. तिथं रस्तेबी मोठे हायेत फिराले." सभा हसली, आणि मग हसणं थांबून आरडाओरडा सुरू झाला. शेवटी गजानन म्हणून एक शेतकरी उभा राहिला. "साहेबायचं राहू द्या. सुखदेवभाऊनं तिले वाढवलं. थो कधी लबाड बोलत नाही. थो सांगन थे खरं."

मुकादम उठला. दोन वर्षांत त्याचा आवाज गावाने ऐकला नव्हता, त्यामुळे ओरडणारेही खाली बसले. "तिले शिकार येते. म्या पाह्यलं. मान्साची वळख नाही तिले," एवढं बोलून तो बसला. गावाने हात वर केले. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

तिला सोडलं त्या सकाळी गाडीचं दार उघडलं, ती खाली उतरली आणि मागे वळून न बघता सागाच्या झाडीत गेली. मुकादम ढसाढसा रडला. परतताना मात्र जीपमध्ये त्याने कबड्डीच्या माइकसारखा आवाज लावला आणि ती कशी उतरली, कशी गेली, ते तीन वेळा सांगितलं. त्याला इतकं सुखात मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पुढे वर्षभर ती चांगली राहिली. गळ्यातल्या पट्ट्यावरून ती कुठे आहे ते कळायचं. तिने रानडुकरं मारली, एक सांबर मारलं, गुरांना शिवली नाही. मॅडम पेढे घेऊन आल्या होत्या.

मग तूर कापणीला आली. गजाननची बायको सुमन मला चांगली माहीत होती. धामणखेडला काम निघालं की चहा तिच्या घरचा, आणि साखर जास्त झाली का हे ती दर वेळी विचारायची. ती आणि तिची जाऊ नाल्याकाठच्या वावरात तूर कापत होत्या. सकाळचे दहा वाजले असतील. जाऊ पलीकडच्या बांधावर मागे राहिली होती. सुमनने तिला हाक मारली.

आम्ही पोचलो तेव्हा जाऊ बांधावर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "सुमननं मले आवाज देल्ला. ये व माय, लवकर ये, म्हने. तं नाल्यातून थे निंगाली. धावत नाही आली हो. गाय येते बलावल्यावर, तशी आली. सुमन पयाली."

सुमन बांधापर्यंत जिवंत पोचली नाही. पळणाऱ्या जनावराचं काय करायचं हे मुकादमानेच कुंपणात जिवंत बकरे सोडून तिला शिकवलं होतं. आमच्या वऱ्हाडात कुठली बाई दुसरीला 'व माय' म्हणत नाही? चुलीशी, विहिरीवर, वावरात, दिवसातून शंभरदा. मुकादमाने ते ऐकलं आणि जागच्या जागी मातीत बसला. मला कळलं की त्याला कळलं.

चौकशी विश्रामगृहात झाली. बाहेरचे अधिकारी आले होते. जबाब टाइप करायला मला बसवलं होतं. मुकादम सरळ म्हणाला, "साहेब, म्या बोललो होतो तिच्यासंगं. आठ-नऊ रोज. हेच शब्द." साहेबांनी वही उघडली. "इथे तर निरंक आहे." मी टाइपिंग थांबवलं नव्हतं, बोटं आपोआप चालत होती. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं नाही. "लेहाचं राहून गेलं माह्याकून," तो म्हणाला. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. माझी पेन्शन दोन वर्षांवर होती, मुलगी लग्नाची होती. 'लिहायचं माझ्याकडून राहून गेलं,' असं मी शुद्ध मराठीत टाइप केलं आणि कागद त्याच्यापुढे सहीला सरकवला.

पकडायला पिंजरे लावले, आत बकरे बांधले. नऊ दिवस ती जवळ आली नाही, आणि पट्ट्यावरून जागा कळली तरी उभ्या तुरीत नेम धरता येईना. गावात लोक कुऱ्हाडी घेऊन बसले होते, वरून गोळीची परवानगी मागवायची भाषा सुरू झाली होती. तेव्हा मुकादम साहेबांना म्हणाला, "म्या बलावतो."

दुसऱ्या सकाळी दोन जीप नाल्याशी उभ्या केल्या. बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक मॅडमच्या जीपमध्ये, मी मागच्या जीपमध्ये. मुकादम टपावर उभा राहिला. मग त्याने हाक मारली, "ये व माय. ये व माय." तिसऱ्या हाकेला तूर हलली. ती आली, पंचवीस-तीस पावलांवर थांबली आणि खाली बसली, मांसाची वाट बघत कुंपणात बसायची तशी. बंदूक वाजली. ती बंदुकीकडे वळली नाही, त्याच्याकडेच बघत राहिली, आणि मान खाली जाईपर्यंत तो बोलत होता. मॅडम रडत होत्या. तिला गाडीत घालून नेलं. ती अजून जिवंत आहे, वीस पावलं लांबीच्या पिंजऱ्यात.

मुकादमाचं काम गेलं. तो धामणखेडलाच राहिला, पण गावाने त्याच्याशी बोलणं बंद केलं. वावरात बायका एकमेकींना हाक मारेनाशा झाल्या. मोबाइलवर मिस कॉल देत, नाहीतर टाळ्या वाजवत. एवढं मोठं शिवार, तूर कापतानाही मुकं असायचं.

रिटायर होऊन अकोल्याला आल्यावर मी एकदा एसटीने त्याच्याकडे गेलो. तो अंगणात दोर वळत होता. मी धीर करून विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

त्याने दोर खाली ठेवला. "थे कागद म्या तुमच्याच हाती कावून देल्ले, बाबू? मॅडमच्या हाती देता आले असते. तुमी निरंक करसान, हे मले मालूम होतं."

"आणि ग्रामसभेत?"

"कुंपनातून डोंगराकडं पाहे थे. दिसभर पाहे. मले तिले बाहेर पाहाचं होतं." मग दोर पुन्हा उचलत म्हणाला, "सुमनच्या लग्नात माइकवर म्याच होतो."

या उन्हाळ्यात तो गेला. जेवता जेवता मान टाकली. वहिनींचा फोन आला आणि मी धावत गेलो. गाव अबोला धरून होतं तरी मयताला आलं होतं. गजाननही आला होता, मागे उभा होता. अग्नी दिल्यावर रीतीप्रमाणे कोणीतरी बोलायला हवं होतं. कोणीच पुढे होईना, तेव्हा सरपंच म्हणाले, "बाबू, तुमी इतकी वर्सं संगं होते. दोन शब्द बोला."

मी उभा राहिलो आणि बोललो. सुखदेव खरं लिहीत होता, निरंक मी लिहिलं, आठही दिवस, आणि चौकशीत त्याच्या नावावर खोटा जबाब टाइप करून मी गप्प बसलो, हे सगळं सांगितलं. ते कागद त्याने मुद्दाम माझ्याच हाती दिले होते, हे मात्र सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा लिहितो आहे.

गजानन पुढे आला, माझ्यासमोर थांबला.

"आता कावून सांगून राहिले, बाबू?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. त्याने चितेवर गोवरीचा तुकडा टाकला आणि तो गावाकडे चालू लागला. बाकीचेही एकेक करून त्याच्या मागे गेले.