हळदपेठेतला पिवळा माणूस

माझे थोरले काका सांगलीच्या हळदपेठेत अडते होते. शेतकऱ्यांची हळद विकून द्यायची, मधली अडत घ्यायची आणि उरलेल्या वेळात जगाला अक्कल शिकवायची, हा त्यांचा उद्योग. फौजेतून सुटून आल्यावर माझे वडील त्यांच्याच दुकानात बसायला लागले. आई आणि मी साताऱ्यात. काकांनी सांगावं आणि वडिलांनी ऐकावं. एवढा मान त्यांनी सुभेदारालाही दिला नसेल.

दोघाही भावांना पोटात अल्सर. त्यावर तोवर दूध आणि खडूच्या पाण्यासारखं एक पांढरं औषध, एवढंच मिळायचं. सत्तरचं दशक संपता संपता नवी गोळी आली. काकांनी ती मुंबईहून ओळखीनं मागवली आणि वडिलांना म्हणाले, "पयलं तू घे. तुला मानवली तर मी घेतो." डॉक्टरला कशाला विचारायचं? काका होते ना!

गोळी लागू पडली, हे खोटं नाही. थोड्याच दिवसांत वडील झणझणीत रस्सा ओरपायला लागले. काका मात्र अजून दूधच पीत होते. भाव चढेपर्यंत माल दाबून वाट बघत बसायची सवय, ती सख्ख्या भावाबाबतही सुटली नाही.

मग वडिलांची भूक मेली आणि डोळे पिवळे झाले. दुकानात हशा पिकला. हंगामात पेठेत सगळेच पिवळे. हमालांच्या पापण्या, काकांचं धोतर, चहाच्या कपबशासुद्धा. काका म्हणाले, "हळदीत बसतूस गड्या, पिवळा न्हाई तर काय हिरवा हुशील?" वडीलही हसले. हळद अंगावर बसते, डोळ्यांच्या आत शिरत नाही, हे त्या अख्ख्या शहाण्यांच्या बाजारात एकालाही सुचू नये! मला त्यांची कीव येत नाही, किळस येते.

सणाला वडील घरी आले. आईनं त्यांना साबणानं चोळचोळून आंघोळ घातली. मोरीतलं पाणी स्वच्छ वाहायला लागलं, माणूस पिवळाच राहिला. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर सुजलंय. क्वचित एखाद्याला या गोळीनं असं होतं. डोळे पिवळे दिसले तेव्हाच ती बंद करायला हवी होती. वडील तर कालपर्यंत घेत होते.

काका आले तेव्हा वडील गुंगीत होते, ओळख देत नव्हते. काका बाहेर बाकावर टेकले. चुकलं म्हणाले नाहीत. मला जवळ बोलावून विचारलं, "पर पोटातलं दुकायचं थांबलं हुतं न्हवं? पक्कं सांग."

लग्न होऊन आल्यापासून आई थोरल्या दिरासमोर एक शब्द बोलली नव्हती. दाराआड उभी राहायची, निरोप माझ्या तोंडून द्यायची. त्या दिवशी ती वडिलांच्या खाटेजवळून उठून बाहेर आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं सावरला नाही. उरलेली गोळ्यांची पट्टी काकांच्या हातात ठेवली.

"थांबलं हुतं, भावजी," ती म्हणाली. "आता तुमी घ्या."

काकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि हळूच बाकावर ठेवून दिली.