शेवटचं पान दुकानातच

माझा स्वभाव संशयी आहे. कोणी फार गोड बोलायला लागलं की मला आधी वाटतं, याला काय पाहिजे असेल? घरचे म्हणतात, ही पोट्टी जन्मतःच अशी. साफ खोटं. जन्मतः मी चांगली होते. मला बिघडवलं ते वर्ध्याच्या बसस्टँडजवळच्या एका कॉमिक्सच्या दुकानानं, नव्वदीच्या उत्तरार्धात.

दुकान कसलं, टपरीच. कपडे वाळत घालावेत तशी दोरीवर कॉमिक्स टांगलेली. बहुतेक हिंदी, पण आमच्याकडच्या पोरांना हिंदी शिकवावी लागत नाही. ती किरायानं मिळायची, आणि किरायानं गेलेलं कॉमिक्स परत येत नाही हे त्या दुकानदारकाकांचं जुनं दुखणं होतं. त्यावर त्यांनी असला इलाज काढला होता की मी पुढे दुसरीकडे कुठंच पाहिला नाही. प्रत्येक कॉमिक्सचं शेवटचं पान ते ब्लेडनं कापून घ्यायचे आणि आपल्या मांडीजवळच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. कॉमिक्स परत आणून द्या, तिथंच उभं राहून शेवटचं पान वाचा, पान काकांच्या हातात द्या आणि घरी जा. पान घरी न्यायचं नाही. रडा, हात जोडा, काका बधायचे नाहीत.

आम्ही राहायचो आंजीला. दादा वर्ध्याला कॉलेजात जायचा, बसनं. मला कॉमिक्स आणून द्यायचा तो, परत न्यायचा तो, आणि शेवटचं पान वाचून मला सांगायचाही तोच. माझं जाणं-येणं तब्येतीवर असायचं आणि तब्येतीचा काही भरवसा नव्हता.

त्यातली एक मालिका माझ्या जिवाची होती. वरून साधं शेत, विहीर, मोटरपंप. विहिरीच्या आत मात्र दरवाजा आणि दरवाजाच्या आत प्रयोगशाळा. तिथला पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ गावोगावच्या पोरांचं रक्त काढायचा. त्याचं कालयंत्र त्या रक्तावर चालायचं. मग एकेका पोराला त्यात बसवून मागच्या नाहीतर पुढच्या काळात पाठवायचा. संशोधन कसलं चाललंय ते कोणालाच ठाऊक नसायचं, पोरांच्या घरच्यांना तर मुळीच नाही. आणि दर भागात घरातलंच कोणीतरी फितूर निघायचं. कधी मामा, कधी मोठा भाऊ.

हे मी वाचायचे खाटेवर पडून. थंडी पडली की माझे सांधे असे ठणकायचे की अंगावर पांघरूणही सोसायचं नाही. डोळे पिवळे व्हायचे. कोणी विचारलं की माय सांगायची, “वात हाये.” या वातासाठी मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेत. तिथंही पांढरे कोट. बोटाला टोचून रक्त काढत, काचेच्या पट्टीवर घेत. एकदा तर मायचं, बाबाचं, दादाचंही काढलं. वात मला, मग रक्त साऱ्या खानदानाचं कशाला? विचारलं तर माय डोळे वटारून म्हणायची, “चूप बस.” डॉक्टर बाबाला बाजूला नेऊन हळू आवाजात बोलायचे. बाबा परत यायचा तो जमिनीकडे पाहत. आता तुम्हीच सांगा, उशाखाली ते कॉमिक्स आणि डोळ्यांपुढे हे असलं नाटक. माणसानं काय समजावं?

मी समजले ते समजले. माझ्या रक्तावर काहीतरी चाललं होतं आणि घरच्यांना त्याचा पत्ता होता.

राहता राहिला प्रश्न फितूर कोण. तो सापडायला मला फार वेळ लागला नाही. दादा सांगायचा ते शेवट मुळात जुळायचेच नाहीत. एका भागात शेवटून दुसऱ्या पानावर शास्त्रज्ञाची दाढी जळून खाक झालेली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. दादाच्या शेवटात तो दाढी कुरवाळत पोरांची माफी मागतो. दुसऱ्या भागात बर्फाळ काळात अडकलेलं पोरगं घरी येतं आणि त्याची आई त्याला गरम भाकर आणि तुरीच्या दाण्याचं वरण वाढते.

“कॉमिक्समध्ये भाकर होती?” मी विचारलं.

“होती ना.”

“चित्रात कशी दिसत होती?”

“गोल,” दादा म्हणाला. “भाकर कशी दिसते? काऊन एवढी उलटतपासणी करून राह्यली तू?”

आणि त्याच्या शर्टाला वास यायचा. कॉलेजचा नाही, बसचाही नाही. बोटाला टोचण्याआधी कापसाच्या बोळ्यानं पुसतात ना, त्या स्पिरिटचा. ज्या दिवशी कॉमिक्स बदलायला जायचा त्या दिवशी हमखास. उशिराही यायचा आणि जेवायला बसला की मायला नुसती मान हलवून ‘नाई’ म्हणायचा. माय मग पदरानं तोंड पुसायची. इतकं सगळं माझ्या नाकासमोर, आणि यांना वाटायचं पोट्टीला काही कळत नाही! मला दादाची इतकी चीड यायची की त्यानं आणलेलं कॉमिक्स मी काही वेळ मुद्दाम हात न लावता ठेवायचे. काही वेळच. मग वाचायचेच.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात माझी ताकद अगदी गेली. दाराबाहेरच्या नळापर्यंत गेले तरी धाप लागायची. मायनं मला दवाखान्यात नेलं. दादा सकाळीच पुढे गेला होता, कॉमिक्स घेऊन. बसमधून उतरल्यावर मी मायला म्हटलं, आधी टपरीवर चल, नाहीतर मी इथंच बसते. आणि खरंच बसले, बसस्टँडच्या पायरीवर. माय चिडली, पण बसलेल्या माणसाला ती उचलणार कशी?

दुकानदारकाकांनी मला पाहून विचारलं, कोणाची तू? मी दादाचं वर्णन सांगितलं. लंबू, चष्मा, आंजीचा.

“हां, तो! आत्ताच तर टाकून गेला कॉमिक्स.”

“त्यानं शेवटचं पान वाचलं?”

काका हसले. “तो कुठं वाचतो? मी डबा उघडतो, तो म्हणतो, राहू द्या काका, घाई आहे. कधीच वाचत नाही. मला नवलच वाटतं, शेवटच न वाचणारं गिऱ्हाईक.”

मी पान मागितलं. काकांनी दिलं. पोरगं पुढच्या काळात गेलेलं, यंत्र बंद पडलेलं, आणि इकडे आजच्या काळात विहिरीच्या काठावर त्याची माय उभी. बस्स. पोरगं परत येत नाही. भाकर नाही, वरण नाही. मी ते पान दोनदा वाचलं आणि काकांच्या हातात परत दिलं. दादा शेवट लपवत नव्हता, त्याला तो माहीतच नव्हता. मग दर वेळी इथून तो जात कुठं होता?

ते दवाखान्याच्या फाटकाशी कळलं. फाटकासमोर चहाचा ठेला होता आणि बाकावर हॉस्टेलची पोरं बसली होती, हसत-खिदळत. त्यांच्यासमोर दादा उभा. चष्मा हातात, घाम पुसत होता. आम्ही मागून आलो हे त्याला दिसलं नाही.

“बहिणीले पाहिजे,” तो म्हणत होता. “एकच बाटली. काही होत नाई, दहा मिनटाचं काम हाये. मीच दिलं असतं, पन माह्यं तिले चालत नाई.”

एका पोरानं विचारलं, “घरच्यांचं?”

“कोनाचंच चालत नाई.”

“मग गावात कोणी नाही का तुमच्या? एवढं मोठं गाव आहे ना आंजी?”

दादा चष्मा पुसत राहिला. एक पोरगा म्हणाला, परीक्षा आहे. दुसरा म्हणाला, सुईची भीती वाटते. मग सगळे एकदम उठले आणि चहाचा ग्लास ठेवून निघून गेले. त्या ठेल्यासमोर माझा उंचापुरा भाऊ असा उभा होता की मला रडूच फुटलं. इतके दिवस ज्याला फितूर म्हणून शिव्या घातल्या तो हा. मला त्याला जाऊन मिठी मारावीशी वाटली, पण मायनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

“गावात काऊन नाई मागत आपन?” मी तिला विचारलं.

“हळू बोल!” माय इकडेतिकडे पाहत म्हणाली. “गावाले कळलं तं तुह्यं लगन होईन काय? कोन करन अशी पोरगी?”

आत गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना थेट विचारलं, तुम्ही माझ्या रक्ताचं करता काय? त्या आधी मायकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, तिच्याकडे नका पाहू, माझ्याकडे पाहा. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. माझ्या आजाराला सिकलसेल म्हणतात. अर्धा दोष मायकडून आला, अर्धा बाबाकडून. अर्ध्यानं त्यांना त्रास नाही. मला दोन्ही अर्धे आले. दादाकडेही एक अर्धा आहे, म्हणून त्याचं रक्त मला देत नाहीत. रक्तपेढीतून बाटली पाहिजे तर बदल्यात कोणीतरी चांगलं रक्त द्यायला हवं. म्हणून तर दादा रक्तपेढीत खेटे घालायचा; शर्टाचा वास तिथलाच.

“मी मरन काय?”

“रक्त वेळेवर मिळत राहिलं तर एवढ्यात नाही,” बाई म्हणाल्या. “पण आत्ता तुझं फार उतरलंय. एक-दोन दिवसांत बाटली लागलीच पाहिजे.”

त्या दिवशी कोणी मिळालं नाही. आम्ही तिघं रिकाम्या हातानं बसमध्ये बसलो. खिडकीला डोकं टेकवून मी मनातल्या मनात कालयंत्र चालू केलं. मागं जायचं, थेट मायबाबाच्या लग्नाच्या मांडवात. आणि ओरडायचं, थांबा! आधी रक्त तपासा! मग लक्षात आलं, लग्न मोडलं तर ओरडायला मी येणार कुठून? आणि दादा? तोही नाही. मला त्या कॉमिक्सवाल्यांचा सणसणीत राग आला. एवढं मोठं यंत्र काढलंत, शेकडो चाकं दाखवलीत, आणि आमच्या कामाचं एक बटण ठेवलं नाही!

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला सकाळी आमच्या वस्तीतले सगळे विहारात जमायचे. मी म्हटलं, मलाही यायचंय. मायला वाटलं, पोरीला वंदना करावीशी वाटते, चांगलं आहे. दादानं मला सायकलवर बसवून नेलं. वंदना झाली की वस्तीतले एक जुने गुरुजी नेहमीप्रमाणे विचारायचे, कोणाला काही बोलायचंय का. एरवी लोक विहाराच्या रंगाबद्दल नाहीतर नळाच्या पाण्याबद्दल बोलायचे. गुरुजींनी विचारलं आणि मी भिंतीला धरून उभी राहिले.

“मले वात नाई,” मी म्हटलं. “मले सिकलसेल हाये. माह्यं रक्त कमी झालं. मायबाबाचं चालत नाई, दादाचंबी चालत नाई. दादा वर्ध्यात अनोळखी पोट्ट्याइच्या हातापाया पडून राह्यला. तुमच्यातलं कोनी देते काय?”

“बस खाली!” मायनं माझा फ्रॉक ओढला. “बस म्हनलं ना!” बाबानं दोन्ही हातांत तोंड घेतलं होतं. मी काही बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठायची ताकद नव्हती.

सगळे मायबाबाकडे पाहायला लागले. मला वाटलं, झालं, वाट लागली. मग मागच्या बाजूनं काही पोट्टे उभे राहिले, दादाच्या शाळेतले. एकानं तर दादाला शिवीच हासडली, इतके दिवस सांगितलं नाही म्हणून. गुरुजींनी त्याला गप्प केलं. आणि तेवढ्यात बायकांतून आमच्या समोरच्या घरची मावशी उठली. तिचा पोरगा मागच्या पावसाळ्यात वारला होता. काविळीनं गेला असं सारी वस्ती म्हणत होती.

“माह्या पोरालेबी हेच होतं,” मावशी म्हणाली. “डाक्टर म्हने, रक्त द्यानारा आना. मी कोनाले म्हनू? कोनालेच नाई म्हनलं.”

माय उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायला लागली. मावशीनं तो हात झटकून टाकला.

“समोरासमोर दार आपलं,” ती मायला म्हणाली. “तू मले काऊन नाई सांगतलं वं?”

माय अगदी हळू म्हणाली, “अन् तू मले काऊन नाई सांगतलं?”

“मागं पोरगी हाये ना मले,” मावशी म्हणाली. “तिचं लगन व्हाचं हाये.”

दुपारच्या वर्ध्याच्या बसमध्ये दादाचे ते दोस्त आमच्यासोबत होते. दांड्याला लटकून मस्करी करत होते, सुईला कोण आधी घाबरतं याची पैज लावत होते. मागच्या सीटवर माय आणि मावशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून तिची पोरगी झोपली होती. तिचं रक्त तपासायला नेत होते.