देवराईतली पहिली कुऱ्हाड

११ डिसेंबर २०२२, रविवारची नोंद. सकाळी दाट धुकं. नळाला पाणी नाही. रतनबाईचं प्रचारपत्रक तिसऱ्यांदा लिहून दिलं. दुपारी देवराईत कौल. धनाजीच्या उजव्या दंडात चमक.

रतनबाई मार्गासनी गावाच्या अलीकडे, आमच्याच वस्तीत तीन म्हशी पाळते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ती ग्रामपंचायतीला उभी राहिली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "घरातली आयकत न्हाईत, म्हटलं गावाला सांगून बगावं."

तिच्या पत्रकात 'विकास' हा शब्द नव्हता. कामं तीन होती. ओढ्यात कोंबड्यांची पिसं टाकायची नाहीत, एसटीच्या थांब्यावर बायकांसाठी संडास, आणि वाघजाईच्या देवराईतलं एकही झाड तोडायचं नाही. कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी छडी मारून वळवलेलं माझं अक्षर, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. 'पिसं'च्या जागी मी 'कचरा' लिहिलं, ते तिने खोडायला लावलं. "कचरा म्हटलं की कोंबडीवाला म्हनंल, त्यो माजा न्हवंच."

तिच्यासमोर उभा होता धनाजी. त्याला देवीपुढे सिमेंटचा सभामंडप बांधायचा होता, आणि मंडपावर स्वतःचं नाव. त्यासाठी अकरा हिरडे आडवे करावे लागणार होते. देवराईतल्या झाडाला देवीच्या कौलाशिवाय कुणी हात लावत नाही, म्हणून रविवारी सारा गाव जमला. रखमाजी गुरवाने देवीच्या दगडाला दोन्ही बाजूंना ओले तांदूळ चिकटवले. उजवीकडचा पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही.

डावा पडला.

"वाऱ्यानं पडला," धनाजी म्हणाला. तांदूळ पुन्हा लावले. पुन्हा डावाच.

"रखमाजीमामा, डावीकडं पानी कमी लागलंय."

"धनाजी," रतनबाई ओरडली, "देवीला फेरमतदान लावलंस व्हय रं?"

बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. तिसऱ्यांदा मात्र उजवा पडला आणि धनाजीच्या माणसांनी गुलाल उधळला.  देवीनेच हो म्हटल्यावर कोण काय करणार? झाडं गेली, आणि झाडांपाठोपाठ मतंही गेली, असंच मला वाटलं.

रतनबाईने पदर खोचला, धनाजीच्या माणसांनी आणलेल्यांतली एक कुऱ्हाड उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"घे. ज्यानं कौल मागितला त्यानं पयला घाव घालायचा. रीत हाय."

रखमाजीने मान डोलावली. धनाजी हिरड्यापाशी गेला. वर बघितलं, मग वळून देवीकडे बघितलं. एकदा हो म्हणाली होती, पण दोनदा नाही म्हणाली होती.

"दंडात चमक भरली," तो म्हणाला. "गोरख, तू घाल."

धाकटा भाऊ दोन पावलं मागे सरला. "म्या? कौल तुजा, दादा."

"बाम आना रं कुनीतरी," रतनबाई खाली बसत म्हणाली. "आमी थांबतो. धारांना अजून येळ हाय."

तासभर थांबलो. चमक उतरली नाही.

आज, वीस तारखेला, निकाल लागला. धनाजी सात मतांनी निवडून आला.

"मटान चांगलं केलं हुतं त्यानं," रतनबाई म्हणाली. "म्या बी खाल्लं."

सभामंडप आता शाळेमागच्या मोकळ्या मुरमावर होणार आहे. मी देवराईत जाऊन हिरडे मोजून आले. अकरा.

रतनबाई जेवायला थांबली. मुगाची खिचडी केली, तांदूळ दीड वाटी. खाली थोडी लागली.