चक्क्यासारखे टांगलेले बटाटे

आमच्या घरात माझ्यावर कोणी चिडत नाही. चिडण्याचं खातं माझ्याकडे आहे आणि मी ते रजा न घेता सांभाळते.

गेल्या डिसेंबरात मात्र मी चिडले ती बटाट्यांवर. आम्ही तोक्योत, एदोगावाला राहतो. वरच्या मजल्यावर रूथ राहते, अमेरिकेहून आलेली ज्यू बाई, माझी मैत्रीण. सायकलवरून पडून तिने उजवा हात मोडून घेतला, तोही नेमका त्यांच्या हनुका सणाच्या तोंडावर. या सणाला लाटके तळतात. बटाटा-कांदा किसायचा, पिळायचा, अंडं आणि थोडं पीठ घालून कुरकुरीत तळायचा. प्लास्टरमधल्या हाताने ती काय किसणार?

"मुलं रडवेली झालीत गं," ती फोनवर म्हणाली. (बोलते इंग्रजीत, पण मला राग मराठीत येतो, म्हणून सगळं मराठीतच सांगते.)

"रडतात कशाला? मी आणते! उद्या सहाला, तुम्ही मेणबत्त्या लावाल तेव्हा गरमागरम!"

"पाणी मात्र पूर्ण काढ हं. आणि घाई नको करूस, कारण—"

"रूथ, आम्ही उपवासाच्या नावाखाली जन्मभर बटाटेच खातो. मला बटाटा शिकवू नकोस!" आणि मी फोन ठेवला.

पाणी पूर्ण काढायचं म्हटल्यावर मला एकच रस्ता ठाऊक. सकाळी दोन किलो बटाटे किसले, पंच्यात बांधले आणि श्रीखंडाचा चक्का टांगतात तसे नळाला टांगले! पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई बघत होत्या.

"अनघा, काळा पडेल गं तो. पाण्यात ठेव."

"आई, पाणी काढायचंय! घालायचं नाही!"

त्या पोथी उघडून बसल्या. त्याचाही मला राग आला. मग मी माझ्या पार्टटाइम कामाला निघून गेले.

चारला येऊन पंचा सोडला, तर आत काळंकुट्ट! गटार उपसून काढलेला गाळ बरा दिसला असता.

"कोणी हात लावला याला?" मी ओरडले.

"कोण लावेल?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा, सुजय, त्या दिवशी घरूनच काम करत होता. त्याला मीटिंगमधून उठवून बटाटे आणायला पिटाळलं. त्याने अळकुड्या आणल्या!

"गोल होत्या, मातकट होत्या," तो म्हणाला.

"दहा वर्षं या देशात राहतोस! एवढं कळत नाही? जा परत!"

दुसऱ्यांदा खरे बटाटे आले तेव्हा पाच वाजून गेले होते. मी किसत होते, सुजय पिळत होता, सासूबाई कांदा चिरत होत्या आणि तिघांच्याही डोळ्यांत पाणी होतं (माझ्या एकटीच्या डोळ्यांत संतापाचं). सासूबाईंची पाठ वळली तशी मी झटकन अंडं फोडून मिसळलं. तेल तापलं, पहिला लाटका सोडला आणि शेगडी टींग टींग करत आपोआप बंद झाली.

पुन्हा लावली. पुन्हा बंद!

"सेन्सर आहे," सुजय म्हणाला. "तेल फार तापलं की गॅस बंद होतो. सुरक्षेसाठी."

"मग तळायचं कशात? कोमट पाण्यात? जपानी लोक तेंपुरा काय उन्हात वाळवतात?"

"ते आच मध्यम ठेवतात," सासूबाई कढईकडे बघत म्हणाल्या.

"आई, तुम्हाला जपानात येऊन तीन आठवडे झालेत!"

मी आच आणखी मोठी केली. बंद! कढईतल्या लाटक्यांनी बसल्या बसल्या तेल पिऊन घेतलं. सहा वाजले. वर दोन लेकरं बशा घेऊन बसली असतील, आणि शब्द मी दिलेला! माझा तोल सुटला. "सण आहे त्यांचा! वर्षातून एकदा येतो! आज चुकला की चुकला! आणि तुम्ही इथे आच मध्यम करताय!"

सव्वासहाला बेल वाजली. दारात रूथ, गळ्यात हात, मागे दोन्ही मुलं. माझा आवाज वरपर्यंत पोचला होता. मी लिबलिबीत लाटक्यांचं ताट पुढे केलं आणि चक्क रडायला लागले. "तुमचा सण बुडवला गं मी!"

"बुडवलास? अगं, आठ दिवस असतो तो," रूथ म्हणाली. "आज पहिलाच दिवस. तेच सांगत होते, घाई नको, उद्या केले तरी चालतील. तू फोन ठेवलास."

आठ दिवस! धाकट्याने एक लाटका उचलला, पिळला आणि निथळणारं तेल मोठ्या कौतुकाने मला दाखवलं.

पुढचे सात दिवस लाटके आमच्याच घरी झाले. सासूबाई पाण्यात किसायच्या, रूथ डाव्या हाताने अंडं फोडायची (सासूबाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायच्या), आणि मला बाहेरच्या खोलीत बसायचा हुकूम होता. त्या सात दिवसांत ती शेगडी एकदाही बंद पडली नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो!